खोली अकराचा तवा

फलज अल कबाईलच्या कॅम्पात, खोली अकरामध्ये
तवा आमच्या सगळ्यांहून सीनियर.
बिडाचा, एक कान तुटलेला.
कुणी आणला ते कुणाला ठाऊक नाही.
दाऊद हुर्झुक म्हणायचा, मी आलो तेव्हा होता,
आणि दाऊदला येऊन एकोणीस वर्षं झालेली.

पहिल्या रात्री त्यानं मला तव्याचे कायदे सांगितले,
पंचिंगचे, पगाराचे नंतर.
"साबन लावशील तर तवा तुजा नाय.
गरम हाय तवर खडामीठ टाक, फडक्यान घास.
पानी दिलंस तर लगेच जालावर धर,
सुकला की अर्धा कांदा तेलात बुडवून फिरव.
आनि बेसिनखाली ठेवू नको.
हितली हवा लोखंड खाते."

हे मला काय सांगायचं? मी वेल्डर.
सोहारच्या बंदरावर दिवसभर तेच करतो,
समुद्रानं खाल्लेलं ग्राइंडरनं काढायचं
आणि उरलेल्याला उरलेलं जोडायचं.
ऑगस्टात इथं दोरीवरचे कपडे
रात्री वाळत नाहीत, ओले होतात.
तरी ऐकून घेतलं. भाकरी त्याची होती.

मार्चमध्ये दाऊद गेला, कायमचा. गुडघे संपले.
तवा नेतोस का, विचारलं.
"तीस किलोत नातवंडांची चॉकलेटं बसत नाय,"
म्हणाला, आणि टॅक्सीच्या डिकीकडे बघत राहिला.

त्याच्या खाटेवर आला रायसिंग पाडवी,
धडगावकडचा, चोवीस वर्षांचा.
महिनाभर कुणाशी बोललाच नाही.
एका शुक्रवारी मी तापानं पडलेलो.
उठलो तर तवा भिंतीला टेकलेला,
पांढराशुभ्र, आरशासारखा,
आणि तारेच्या घासणीनं त्याची बोटं सोललेली.
"दादा, लय काळा होता. नवा केला."

महिन्यातलं त्याचं सगळ्यात मोठं वाक्य.
मी काय बोलणार?
बरं केलंस, म्हटलं.

शनिवारी पहाटे तव्यावर गंज,
बारीक, कुणी मिरचीपूड भुरभुरल्यासारखा.
रायसिंग समोर उभा,
घरून वाईट फोन आल्यासारखा.

मग दोन रात्री आम्ही तवा केला.
मिठानं गंज काढला. वाळवला.
करडईच्या तेलाचा हात दिला
आणि लगेच पुसून टाकला,
लावलंच नव्हतं असं वाटेपर्यंत.
हे त्याला पटेना. पुसायचं तर लावायचं कशाला?
जाड लावलं की चिकट होतं, पापुद्रे निघतात, मी म्हटलं,
पातळ असतं तेच मुरतं.
आच मंद, खिडकी सताड,
धुराच्या अलार्मला माझी जुनी बनियन बांधलेली.
तापताना लोखंड रंग बदलतं ते दाखवलं त्याला:
आधी कडब्याचा, मग वांग्याचा, मग निळा,
आणि मग तेल, धूर, काळं.
थंड होऊ दे. परत.

"आमच्याकडे मातीचा असतो," तो म्हणाला,
"त्याला गंज नाही. पडला की संपला."
आणि मग पहाटे चारपर्यंत बोलतच राहिला,
बहिणीचं लग्न, एजंटचे सत्तर हजार,
नर्मदेत पोहणारा एक बैल.

सहा हात बसले.
पहिली भाकरी चिकटली, उचटण्याला फाटून आली.
दुसरी खाल्ली, पण तिच्याविषयी बोललो नाही.
तिसरी फुगली.

आता रोज रात्री तो तवा पुसतो,
शेजारच्या जिजूचा मल्याळम पेपर घेतो
(आम्हाला वाचता येत नाही, तेल मात्र छान पितो),
गुंडाळून कपाटावर आडवा ठेवतो,
एसीच्या थेंबांपासून हातभर लांब.

काल टेकबहादूर आला, पोखऱ्याचा, नवा हेल्पर.
रायसिंगनं तवा त्याच्या हातात दिला,
वजन कळेपर्यंत थांबला, मग म्हणाला:
"साबन लावशील तर तवा तुजा नाय."

अगदी तस्सं, खाडीच्या हेलात.
दाऊदला त्यानं कधी पाहिलेलं नाही.
टेकबहादूरनं मान हलवली.
त्याला मराठी येत नाही.