शब्दार्थ

नौपाड्याहून मृणालिनीताईंचं पत्र आलं:
कथा दिवाळी अंकात घेतो आहोत,
आगरी अस्मिता फार सुंदर उतरली आहे,
फक्त वाचकांच्या सोयीसाठी
शेवटी वीस-बावीस शब्दांचे अर्थ जोडा.

मी नेरूळच्या वाचनालयात शिक्के मारते.
अर्थ काढणं हे माझंच काम, असं वाटून
रविवारी वही घेऊन आईपुढे बसले.
ती कोलीम निवडत होती.
पत्र वाचून दाखवलं, तर म्हणाली,
अस्मिता म्हंजे कं? कनची मासली?

खाजण, म्हटलं. खाजण म्हणजे काय लिहू?
तिने ओल्या हाताने खिडकीकडे दाखवलं:
तो मॉल दिसतंय ना, त्याचे पार्किंगपासून तिकडं.
उघाडी?
तुजा बसस्टॉप.
तिथं तुजा बापूस फली उचलाचा,
भरतीचा पानी घ्याचा, ओहोटीचा सोराचा,
रात-रात बसाचा बिडी वडत.
मी लिहिलं: उघाडी — बांधातलं दार.
किती कमी लिहिलं ते मलाच दिसत होतं.

मिठागरात मीठ ओढायची ती लांब दांड्याची फळी,
तिला काय म्हणायचे?
आई थांबली. डोळे मिटले.
मग कोलीम तशीच ठेवून उठली,
फरशीवर पाय रोवले, कंबर वाकवली
आणि साठाव्या चौरस फुटापर्यंत
पांढरं काहीतरी ओढत आणलं.
शब्द नाही आठवला. हात आठवले.
वहीत ती ओळ कोरी आहे.

शाळेत असताना
मी पुस्तकात आम्हाला शोधायचे.
पुस्तकातली मुलं समुद्र बघायला सहलीला जायची;
आमच्या मोरीपर्यंत भरती यायची
आणि त्याबद्दल कुणी निबंध सांगत नसे.
अख्ख्या सात इयत्तांत एक चिंबोरी निघाली नाही.
ठाण्याहून येणाऱ्या नेनेबाई चांगल्या होत्या,
पण न आणि ण चा भारी हिशेब ठेवायच्या.
फळ्यावर वीस वेळा पाणी लिहिलं
आणि घरी येऊन पानी प्याले.
तेव्हापासून दोन जिभा सांभाळते,
एक ऑफिसात, एक पायपुसण्याच्या आत.
कथा लिहिताना पहिल्यांदा चपला काढल्या होत्या.

यादी पाठवली. कोरी ओळ वगळून.
अंक आला, वाचनालयातच आला,
माझ्याच हातून नोंदला गेला: दाखल क्रमांक, तारीख, शिक्का.
दुपारी घरी नेला. आईला अक्षर येत नाही,
ती ऐकते, आणि ऐकताना
काटा शोधावा तशी तोंडात घोळवते प्रत्येक ओळ.
बापाचं आलं तेव्हा हसली.
बांध फुटला तेव्हा पदराला हात पुसले.
मग मी वाचलं, तिचंच वाक्य,
जसं छापलं होतं तसं:
"पोरी, पाणी आला, पाणी आला, उठ."

कोन ही बाय? आई म्हणाली.
तू, मी म्हटलं.
मी नाय ती. ती दुसरी कोनतरी हाय,
बगलेवाली. माजे घरान कशी आली?

मुद्रितं तपासणाऱ्याने सोय केली असणार.
रागावून पत्र लिहायला बसले, तर
सुरुवात इतकी शुद्ध झाली
की कागद बाजूला ठेवला.

सोमवारी लवकर गेले. पंखा लावला.
वाचनालयाच्या प्रतीत निळ्या पेनने
एकेक ण खोडून न केला.
हलक्या हाताने, शाई पलीकडे उमटू नये म्हणून.

पुस्तकात खाडाखोड करणाऱ्याला
दर खुणेमागे पन्नास रुपये दंड,
पाटी मीच रंगवून लावली आहे.
सहा ठिकाणी होता.
तीनशे रुपयांची पावती फाडली,
नाव लिहायच्या रेघेवर
थोडा वेळ लागला.