आवक

इब्राच्या सरकारी शाळेत गोदामाची किल्ली माझ्याकडे असते.
मी मास्तर नाही, ठेकेदाराचा माणूस.
खोके येतात, मोजतो, सही करतो.
गुहागरच्या शाळेत छडीच्या धाकाने पाठ केलेली पावकी
अजून कामाला येते. दोनशे चाळीसची पाव, साठ.
शिक्षण सुधारण्यात माझा हात एवढाच.

परवाच्या साली सिंगापूरचं गणित आलं,
रंगीत ठोकळे, नव्वद खोके.
मागल्या साली न्यूझीलंड. वाचनाच्या पायऱ्या,
पायरीपायरीवर मेंढ्या.
यंदा फिनलंड.
ठोकळ्यांची चिकटपट्टी अजून तशीच आहे.

फिनलंडच्या सतरा नंबरच्या खोक्यात
लोकरीचे हातमोजे निघाले, लहान, चाळीस जोड्या,
‘रानातला तास’ नावाच्या पाठासाठी.
यादी मी तीनदा ताडून पाहिली.
हातमोजे आले.
रान आलेलं नाही.

नियम असा, की रोज पाऊण तास
मुलांनी बाहेर, झाडांत बसायचं.
बाहेर एकेचाळीस.
अंगणात सिद्रचं एकच झाड, आपल्या बोरीच्या जातीचं.
सत्तावीस मुलं त्याच्या सावलीत मावतात कशीबशी,
आणि सावली काही नियम वाचत नाही.
जुवैनाबाई मुलांना तिच्यामागून सरकवत राहिल्या,
थोडं पूर्वेला,
आणखी थोडं.

तेवढ्यात सुलैम म्हणाला,
आजोबा असंच पाणी वाटतात.
काठी रोवतात. सावली खुणेवर आली
की आमच्या बागेचा पाट बंद, हमूदच्या बागेचा सुरू.
अर्ध्या तासाच्या पाण्याला नाव आहे, अथर.

बाई हेलसिंकीहून तीन आठवड्यांचं प्रशिक्षण घेऊन आलेल्या.
जरा वेळ गप्प राहिल्या.
मग म्हणाल्या, काठी शोधा.

माझं अरबी सात वर्षांत जेवणापुरतं आणि भांडणापुरतं,
पण नुस्फ, रुबुअ कानाला कळतं.
मुलं वाळूत रेघा मारत होती, पाण्याचे वाटे पाडत होती,
हमूदच्या काकाला पाव कमी का, यावरून तंटा.
मी गोदामाच्या दारात उभा राहून
तोंडातल्या तोंडात पावकी म्हणत होतो.
मागची दोघं मात्र मुंग्यांच्या वारुळात काडी घालण्यात गुंग.

बुधवारी तपासनीस आले, हातात टॅबलेट.
रानातला तास होतो का? होतो.
ही काठी कुठल्या यादीत?
बाईंनी माझ्याकडे पाहिलं.
मी म्हणालो, स्थानिक खरेदी.
त्यांनी ते टिपून घेतलं.

काल पत्र आलंय, पुढच्या साली एस्टोनिया. जागा करून ठेवा.

हसू येतं, पण मी कोण हसणारा?
माझी मुलगी चिपळूणला ‘ग्लोबल’ नाव लावलेल्या शाळेत आहे.
देणगी इथूनच गेली, दीड वर्षाचा ओव्हरटाइम.
फोनवर ती मला बर्फाची कविता म्हणून दाखवते,
उच्चार असे की मी बाजूच्या खोलीतल्यांनाही ऐकवतो.

काल तिला सांगितलं,
एकोणऐंशी दिवसांनी येतोय.
ती म्हणाली, म्हणजे एटी नाइन ना, बाबा?

मी हो म्हणालो.
दहा दिवस आधीच दारात उभा राहीन.