वर एक

घोडी विकली त्या रात्री सासू जेवली नाही.
बुरुलचाने पैसे मोजले, पुन्हा मोजले,
मग नारीनच्या बाजारातून आणला
एक वजनकाटा, पिशव्या चिकटवायचं यंत्र,
जाळीचं कापड बारा मीटर,
आणि उरलेल्यातून, कशाला कोण जाणे,
डॉक्टर घालतात तसला पांढरा कोट.

धंदा काय, तर कुरुत.
दही टांगायचं, निथळू द्यायचं,
घट्ट चक्क्यात मीठ मळायचं,
तळहातावर गोळी वळायची अक्रोडाएवढी
आणि उन्हात ठेवायची, दगड होईपर्यंत.
इतकंच.
आत-बाशीच्या खोऱ्यात
हे शेंबड्या पोरालाही येतं.

म्हणूनच तर हसले सगळे.
"उद्या वारा विकशील!"
सासू हसली नाही. कालीपा तिचं नाव.
तिने मेंढपाळांचे, शिपायांचे, वाट चुकलेल्यांचे
खिसे आयुष्यभर कुरुतने भरले
आणि किती घेतलेस, असं कधी विचारलं नाही.
"आमच्यात पाहुण्याला किंमत सांगत नाहीत."
"पाहुण्याला नाही," बुरुलचा म्हणाली,
"गिऱ्हाइकाला."
हा शब्द त्या घरात पहिल्यांदाच आला होता.
बूट न काढता आलेल्या माणसासारखा
दारातच उभा राहिला.
"मी हात लावणार नाही," सासू म्हणाली.

मे संपत आला. फळ्यांवर जाळी,
जाळीखाली चारशे गोळ्या.
शेजारचा बाकित शाळेतून येताना
जाळी उचलून मूठ भरतो, रोज भरायचा तशीच.
बुरुलचा कोट घालून बाहेर येते.
पोरगा कोट बघतो, टोचतील म्हणून
मूठ तिथेच सोडून पळतो.
दिवसभर तिला हसू येत राहिलं
आणि रात्री झोप आली नाही.

बिश्केकच्या दुकानाने पन्नास पिशव्या मागवल्या,
पस्तीस परत पाठवल्या.
गोळ्या एकसारख्या नाहीत म्हणे.
बोटं उमटलीत म्हणे.
नोवोसिबिर्स्कला नवरा भिंतींना गिलावा करतो.
फोनवर म्हणाला, साचा घे ना एखादा.
घोडी एकच होती, असं ती म्हणणार होती,
तोवर रेंज गेली.

पस्तीस पिशव्या फोडून तिने मेजावर ओतल्या.
ही माझी. ही माझी. ही जावेची,
ती अंगठा फार दाबते.
आणि ही?
तीन बोटांच्या तीन खाचा,
चौथीची जागा गुळगुळीत.
चौथं बोट लोकर कातरताना गेलेलं,
लग्नाच्या आदल्या वर्षी.
अशा गोळ्या तिने वेगळ्या काढल्या,
एकशे बारा भरल्या.
पहाटे आपण गाई पिळायला जातो
तेव्हा चक्क्यापाशी कोण बसतं,
हे तिने विचारलं नाही.
मिठाचा डबा तेवढा
खालच्या फळीवर ठेवला, हाताला येईल असा.

आता तोरुगार्टच्या रस्त्याला दोघी बसतात.
ट्रक थांबतात. ड्रायव्हर विचारतो, केवढ्याला?
किंमत सुनेने सांगायची.
सासू तेव्हा डोंगराकडे बघते,
कुणी शेजारी लघवीला बसल्यासारखी.
पैसे आत गेले की वळते,
आणि चिकटवलेल्या पिशवीवर
स्वतःच्या हाताने एक गोळी ठेवते. वर एक.
बुरुलचाने काही दिवस दात आवळले.
मग वहीत एक रकाना वाढवला.

काल नवा मालक त्याच वाटेने गेला, घोडीवर बसून.
घोडी आपणहून थांबली.
त्याने टाच मारली, लगाम ओढला,
ती हलेना.
कालीपा उठली. तीन बोटांच्या हातावर
एक गोळी, मग दुसरी, मग तिसरी.
मालक संकोचून म्हणाला, किती झाले?

दोघींनी एकदमच डोंगराकडे पाहिलं.