हातउसने

सोमवारी दुकान बंद असतं.
काचेवरची पाटी उलटी करून आई
मागच्या खोलीत भाताचं पातेलं चढवते
आणि बाबा गुडघ्याखाली टॉवेल घेऊन
सहा टब घासायला बसतात,
ज्यांत आठवडाभर
अख्ख्या बिलॉक्सीने पाय बुडवलेले असतात.

याच हातांनी ते पूर्वी जाळी विणायचे.
कोळंबीची बोट विकली त्या साली
आईनं ॲसिटोनचा पहिला कॅन आणला.
बाबा म्हणाले, वास डिझेलपेक्षा बरा आहे.
खोटं होतं. अजून खोकतात.

हातावर पोट म्हणतात ना,
आमचं दुसऱ्यांच्या हातावर.
अर्लीनबाईंच्या, उदाहरणार्थ,
ज्यांनी तीस वर्षं शाळेची बस चालवली
आणि आता ज्यांची करंगळी सरळ होत नाही.
त्या बोलत राहतात, सुनेबद्दल, चर्चबद्दल,
आई "येस हनी, येस हनी" करत राहते.
निम्मं तिला कळत नाही.
कुठला सांधा दुखतो, ते मात्र
त्यांनी सांगायच्या आधी कळतं.

बँकेतल्या माणसाने विचारलं होतं, तारण काय?
आईनं दोन्ही हात त्याच्या टेबलावर ठेवले.
त्याला वाटलं, ती उठायला बघतेय.
तो दार उघडून उभा राहिला.

म्हणून भिशी.
महिन्याच्या पहिल्या सोमवारी अकराजणी,
अकरा दुकानांच्या मालकिणी,
एकमेकींच्या गिऱ्हाइकांवर डोळा ठेवून असलेल्या,
जेलचे भाव एकमेकींपासून लपवणाऱ्या,
आपापलं पाकीट घेऊन पेडिक्युरच्या खुर्च्यांत बसतात.
पाचशे डॉलर प्रत्येकीचे.
जिला रक्कम हवी तिनं चिठ्ठीवर आकडा लिहायचा,
प्रत्येकीच्या पाचशेतले किती सोडणार.
जिची अडचण मोठी, तिचा आकडा मोठा.
वही माझ्याकडे असते. मी अकाउंटन्सी शिकतेय.

मार्चमध्ये न्यानमावशी उशिरा आली,
मुलीचा कोट घालून, बाह्या आखूड.
शेजारच्या लाँड्रीला आग लागली होती,
बंबाचं पाणी तिच्या दुकानात रात्रभर साचलं होतं.
भिंतीकडे तोंड करून तिनं चिठ्ठी लिहिली.

आईनं एकेक उघडली.
कोरी. कोरी.
थोआमावशीची कोरी, जिच्या मुलाचं लग्न जूनमध्ये,
जिनं हॉल बघून ठेवला होता
याच महिन्याच्या भरवशावर.
कोरी.
मग न्यानमावशीची.

आईनं चिठ्ठी लांब धरली, मग जवळ.
"दोन," म्हणाली.
"दोनशे," न्यानमावशी म्हणाली.
"चष्मा गाडीत राहिलाय. मला दोनच दिसतात."
चष्मा तिच्या केसांत होता.
थोआमावशीनं चिठ्ठी घेतली. "दोनच आहेत की."
चिठ्ठी खुर्च्याखुर्च्यांवरून फिरली.
नऊजणींना शून्य दिसलं नाही.
आणि टबात कोपरापर्यंत हात घातलेले,
चिठ्ठी न बघितलेले बाबा
फेसातूनच ओरडले, "दोन!"

मी वहीत लिहिलं: २.
आमच्या पुस्तकात या नोंदीला नाव नाही.

न्यानमावशी रडली नाही. भातही पुन्हा वाढून घेतला.
पैसे मोजून कोटाच्या आत ठेवले,
मग आईचा हात ओढून उजेडात धरला.
"ही काय नखं आहेत? आणि पाटीवर स्वतःचं नाव!"
तिला तीन नंबरच्या खुर्चीत बसवलं,
जिथे आई फक्त गादी झटकायला वाकते.
"रंग?"
आई भिंतीकडे बघत बसली.
चौऱ्याऐंशी बाटल्या. सगळ्यांची नावं तिला पाठ,
कुणाला कुठली शोभेल तेही पाठ.
फार वेळ गेला. बाबांनी नळ बंद केला.
"उद्या पुसायचाच आहे," शेवटी म्हणाली,
"मग लालभडक लाव."

मंगळवारी दुपारपर्यंत
ॲसिटोननं आठ बोटांवरचा खाल्ला.
अंगठ्यांवरचा शुक्रवारपर्यंत टिकला.