चिकाची शाई

लोटूभाऊ नेहेतेंचं हस्तलिखित
माझ्याकडे केळीच्या खोक्यातून येतं.
आत वजनकाट्याच्या पावत्या:
पुढे ट्रकचा नंबर, भरलेला, रिकामा,
मागे कादंबरी.

सावद्याला बसस्टँडसमोर माझं टायपिंगचं दुकान.
लग्नपत्रिका, वारसाचे अर्ज,
आणि बुधवारी लोटूभाऊ.

वैशाखात पारा शेहेचाळीसवर,
कुत्री गटारीत निजलेली,
आणि हा माणूस कानटोपी घालून रस्त्याने चाललेला,
अंगात मेव्हण्याचा रेल्वे गार्डाचा काळा कोट.
नवा फौजदार एकदा गाडी थांबवून चौकशी करून गेला.
लिहायला जातात ते
केळी पिकवायच्या खोलीत.
आत सोळा अंश, मेजाच्या जागी पालथा क्रेट,
कोटाखाली लिहिण्याचा सदरा.
एकोणीस वर्षं तोच.
चिकाचे डाग इतके की मूळ रंग
आता फक्त कॉलरच्या आत सापडतो.
सुनेने सोडा केला, लिंबू केलं, रॉकेलही लावून पाहिलं.

प्रकरण संपलं की काट्यावर घालतात.
एकदा पावणेदोनशे ग्रॅम भरलं तर परत घेऊन गेले.
म्हणाले, पाणी आहे यात, घटेल.

माझी अडचण निराळीच.
त्यांच्या तोंडात ळ नाही.
केळीची केयी, शाळेची शाया,
आणि लिहिताना हाताला येईल ते.
मी फोन करते: भाऊ, बाप दारात कुणाला तरी पाहतो
आणि म्हणतो, काय.
हे काय आहे की काळ?
पलीकडे नुसता पंख्याचा आवाज.
मग: "तेच तं चायीस पानं इचारून राह्यलो मी."

पुस्तकाच्या पाठीवर फोटो हवा होता,
लेखक आपल्या टेबलाशी.
जळगावहून पोरगा आला दिवे घेऊन.
पतसंस्थेच्या चेअरमनचं टेबल चौघांनी उचलून आणलं,
पांढरा सदरा, कडक इस्त्री,
हातात कुणाचं तरी सोनेरी पेन.
"काका, लिहिल्यासारखं करा."
लोटूभाऊंनी पेन टेकवलं
आणि टेकवूनच ठेवलं.
कानशिलावरून घाम.
शेवटी कागदावर उतरलं:
रिकामी गाडी, आठ हजार चारशे किलो.

फोटो चांगला आला.
सून म्हणाली, कोण हे?

सोमवारच्या खोक्यात एकच कागद, कोरा.
उलटून पाहिला, मागे ट्रकचा नंबर.
फोन केला तर म्हणाले,
त्या दिवसापासून पेन धरवत नाही,
घडाच्या ताज्या दांड्यातच काडी बुडवली.
"आज नको टाईप करू वं माय. पिकू दे."

लिहिताना चीक पाण्यासारखा.
दिसतो तो नंतर.
सबंध एक दिवस काही नाही.
दुसऱ्या दिवशी तपकिरी कण, मुंगीची लेंडी वाटावी असे.
आज दुपारी लाईट गेली, मी कागद दारात नेला,
उन्हात धरला,
तर अगदी स्पष्ट: का.
पुढचं अक्षर अजून कच्चं आहे.
कुठेतरी वळलंय एवढंच कळतं.
य असेल. ळ असेल.

दुकान बंद करताना
मी त्यावर गोणपाट टाकलं,
आमच्याकडे घडांवर टाकतात तसं.