चोवीस नंबरची काच

इकितोसला पोचेपर्यंत काचा
चार दिवस नदीवर हेलकावल्यात.
सोइला तापुयिमा एकेक सरकवते मायक्रोस्कोपखाली:
गुलाबी पेशी, निळसर पेशी,
दुमडलेल्या कडा, मधोमध तिळाएवढं केंद्रक.
ठीक. पुढची.

चोविसावीत डासाचा पाय अडकलाय.
तिला हसू येतं. काच सरकवणार, तेवढ्यात
त्या पायाच्या आडोशाला
पाच पेशी, एकमेकींना बिलगून,
केंद्रकं फुगलेली, काळवंडलेली,
कडा कुरतडल्यासारख्या.

डोळे मिटते. उघडते.
तेच.
काचेवर शाईचा बारीक ठिपका देते,
हात थरथरू न देता.

काचेच्या टोकाला पेन्सिलीनं नाव,
निम्मं पुसलेलं: एल्वि...
वय एकतीस. गाव वाचता येतंय.
तिथं फोन लागत नाही.
बोट दर गुरुवारी.

आज शुक्रवार.