डॉक्टर एस्तेबान

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही,
म्हणून गेलो त्या स्टुडिओत.
बियाविस्तोक, फेब्रुवारी, बुटांत बर्फाचं पाणी.
हिरव्या पडद्यासमोर उंच स्टूल
आणि च्युइंगम चघळणारी एक मुलगी:
डावीकडे बघा. उजवीकडे. हसा, दात दिसू देत.
आता काहीही वाचा.
मी वाचलं. अडखळलो.
असू दे, म्हणाली, आवाज नकोच आहे तुमचा.

नऊशे झ्लॉटी. तीन ठिकाणी सही.
घरचा बॉयलर दुरुस्त झाला.

मी नट आहे. म्हणजे पहारेकरी, प्रेत,
एकदा दोन अंकभर झाड.
लहानपणापासून जीभ दाराशी येऊन थांबते,
सगळ्यात जास्त स्वतःच्याच नावाशी.
झि... झि...
आणि समोरचा मदत केल्यासारखी मान हलवतो.

पुढचं पुतण्याने समजावलं, बटाटे सोलता सोलता.
आत दोघं बसवलेले असतात, काका.
एक तुमचा चेहरा रंगवतो,
दुसरा म्हणतो, खोटा. परत.
पापणी उशिरा मिटली. परत.
हनुवटीखालची सावली चुकली. परत.
लाखो वेळा, न जेवता, न चिडता,
आणि ज्या रात्री दुसऱ्याला काही बोलताच येत नाही
त्या रात्री तुम्ही तयार.

मला त्या दुसऱ्याचंच वाईट वाटलं.

दोन हिवाळ्यांनी मी डॉक्टर झालो.
लिमात सांधेदुखीचं तेल विकतो, पांढऱ्या कोटात.
स्वतःचं नाव एका दमात सांगतो: एस्तेबान.
मग आणखी कुठल्या देशात, टाय लावून:
शांत राहा, घराबाहेर पडू नका, सैन्य तुमचंच आहे.
तिथे त्या रात्री काय झालं
ते मी अर्धं वाचलं आणि लॅपटॉप मिटला.

कान माझे. ओठाशेजारचा व्रण माझा,
सायकलवरून पडल्याचा.
वाक्य सुरू होतं आणि संपतं,
जसं इतर लोकांचं संपतं.

तेलाचा व्हिडिओ आईपर्यंत कसा पोचला कोण जाणे.
शेजारच्या बोगुमिलाने दाखवला असेल.
आईला स्पॅनिश ओ की ठो कळत नाही.
फोनवर म्हणाली, किती सुरेख बोलतोस रे.
मग बराच वेळ नुसतं नाक पुसणं ऐकू आलं.
तुझे बाबा हवे होते, म्हणाली.
(बाबा दर रविवारी मला स्वयंपाकघरात उभं करून
वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावायचे.
हवामानाच्या पुढे आम्ही कधी गेलो नाही.)

मी सांगणारच होतो.
आई, ते... ते...
शब्द दाराशी आला, उभा राहिला.

दमला असशील, ती म्हणाली,
दिवसभर बोलून बोलून.

हो, म्हणालो.
हो मला कधीच अडत नाही.